इतिहासाच्या पदवीचा रोकडा हिशेब

इतिहासात बीए झालेल्याला पगार किती मिळतो, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. नर्स, सीए, फिटर म्हटलं की एक ठरावीक काम डोळ्यांपुढे येतं आणि त्या कामाचा साधारण दरही ठाऊक असतो. 'इतिहासाचा पदवीधर पाहिजे' अशी जाहिरात मात्र सोलापूरच्या पेपरात वर्षभर शोधली, तरी शाळा-कॉलेजांच्या भरतीपलीकडे क्वचितच दिसेल. त्यामुळे बारावीच्या निकालानंतर घरात जी चर्चा होते, तिच्यात दोन्ही बाजू अंदाजानेच बोलतात. वडील म्हणतात, इतिहासाला बाजारात भाव नाही. मुलगी म्हणते, स्पर्धा परीक्षेला इतिहासच लागतो. दोघांच्या बोलण्यात तथ्य असतं, पण कागद-पेन घेऊन हिशेब कोणी मांडत नाही.

तो मांडला की एक गोष्ट लख्ख दिसते. या पदवीपायी होणारा सगळ्यात मोठा खर्च पदवीच्या तीन वर्षांत होतच नाही. तो होतो पदवी हातात पडल्यानंतर, वाट पाहण्याच्या वर्षांत. कमाईचंही तसंच आहे. इतिहासाला दुसरं काय जोडलं, यावर ती ठरते.

फी सोडून बाकीचा खर्च

समजा, साखर पेठेतला एक मुलगा आहे. दयानंद, संगमेश्वर, वालचंद अशी जुनी महाविद्यालयं शहरातच आहेत, त्यामुळे तो घरी राहून, घरचं जेवून शिकतो. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची फी काही हजारांतच असते. फी, परीक्षा शुल्क, पुस्तकं आणि जाणं-येणं मिळून वर्षाला २०,००० रुपये धरू. तीन वर्षांचे ६०,०००. घरच्यांना दिसतो तो एवढाच खर्च.

न दिसणारा खर्च याच्या कितीतरी पट आहे. हाच मुलगा बारावीनंतर युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात किंवा नवी पेठेतल्या कापड दुकानात कामाला लागला असता, तर महिन्याला १०,००० घरी आणले असते असं धरू. तीन वर्षांचे ३,६०,००० होतात. शिकण्यासाठी सोडून दिलेली ही कमाई म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत 'संधी खर्च'. दोन्ही मिळून पदवी पडली ४,२०,००० रुपयांना. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या घरचे आकडे घालून पाहा, रीत तीच राहील.

आता पदवी झाली आणि मुलाने त्यात काहीच भर घातली नाही असं समजू. शहरातल्याच एखाद्या पतसंस्थेत, शोरूममध्ये किंवा दवाखान्याच्या काउंटरवर त्याला १३,००० मिळाले. बारावीवर मिळाले असते त्यापेक्षा महिन्याला ३,००० जास्त, म्हणजे वर्षाला ३६,०००. दोन्हीकडची पगारवाढ बाजूला ठेवली, तर ४,२०,००० वसूल व्हायला पावणेबारा वर्षं लागतात. तोवर त्याचं वय तेहतीसच्या आसपास झालेलं असेल. शिवाय आज खर्च झालेला रुपया आणि बारा वर्षांनी हातात येणारा रुपया सारखे नसतात. सात टक्के व्याजाने ठेवलेली मुदत ठेव साधारण दहा वर्षांत दुप्पट होते, म्हणजे उशिरा येणाऱ्या पैशाचं मोल तितकं घटतं. 'इतिहासाला भाव नाही' असं वडील म्हणतात तेव्हा त्यांच्या नजरेसमोर हाच मुलगा असतो, आणि या मुलापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे.

आता दुसरा रस्ता. त्याच मुलाने पदवीनंतर दोन वर्षांचं बीएड केलं. बीएडची फी ६०,००० धरली आणि दोन वर्षांची सोडलेली कमाई २,४०,००० धरली, तर एकूण गुंतवणूक ७,२०,००० होते. तो माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागला. जानेवारी २०२३ पासून माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १८,००० मानधन आहे, आणि ते तीन वर्षं. म्हणजे बारावीच्या कमाईपेक्षा महिन्याला ८,००० जास्त, तीन वर्षांत २,८८,०००. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी सुरू होते. तिथे मूळ वेतनच ३८,६०० पासून सुरू होतं आणि महागाई भत्ता, घरभाडे भत्ता त्यावर वेगळा. भत्ते सोडून नुसतं मूळ वेतन धरलं, तरी उरलेले ४,३२,००० रुपये सव्वा वर्षात वसूल होतात. म्हणजे बारावीनंतर सव्वानऊ वर्षांनी, सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी सगळा खर्च फिटला. पुढे दर वर्षी मूळ वेतनात तीन टक्के वाढ मिळत राहते.

पदवी तीच आणि मुलगाही तोच. फक्त या दुसऱ्या हिशेबात एक मोठी गोष्ट गृहीत धरलेली आहे: बीएड झालं आणि लगेच नोकरी लागली. खरी अडचण इथेच आहे.

वाट पाहण्याची किंमत

शिक्षक व्हायला बीएड पुरत नाही. पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी पास व्हावी लागते. इतिहासवाल्यांसाठी तिच्या दुसऱ्या पेपरात सामाजिक शास्त्रांचा पर्याय असतो. मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि तिच्या गुणांवर राज्याच्या शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलमार्फत निवड. ही अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पुढची थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतरची २०२५ मध्ये. २०१८ साली बीएड होऊन बाहेर पडलेल्या उमेदवाराने वयाची सर्वात उमेदीची पाच वर्षं केवळ चाचणीची तारीख येण्याची वाट पाहण्यात घालवली असतील. त्याच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. असल्या विलंबाचा हिशेब कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, आणि याची मला मनापासून चीड येते.

स्पर्धा परीक्षेचा मामला याहून मोठा. आपल्या जिल्ह्यातली शेकडो मुलं दर वर्षी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात, कॉट बेसिसवर खोली घेतात, मेस लावतात, अभ्यासिकेत जागा धरतात. महिन्याला ९,००० खर्च धरू. पदवीवर मिळणारी १३,००० ची नोकरी त्यांनी सोडलेली असते. चार वर्षं असं राहिलं, तर बुडालेला पगार ६,२४,००० आणि पुण्याचा खर्च ४,३२,०००. एकूण १०,५६,०००. ज्या पदवीला आपण 'महाग पडली' म्हणत होतो ती ४,२०,००० ची होती. वाट पाहणं तिच्या अडीच पट महाग पडलं.

या पैशांच्या बदल्यात मिळते ती शक्यता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले. त्यातले ५,९२,१४१ जण पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. राज्याच्या २०२३ च्या तलाठी भरतीत जाहिरात ४,६४४ जागांची होती आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. दोनशेहून जास्त अर्जांमागे एक जागा. खुल्या प्रवर्गाला अर्जाचं शुल्क १,००० रुपये होतं, तेही या हिशेबात धरायला हवं.

एवढ्यावरून कोणी 'प्रयत्नच करू नका' असा अर्थ काढू नये. अर्ज करणाऱ्यांतले बरेच जण तयारी न करताच बसतात, त्यामुळे मन लावून अभ्यास करणाऱ्याची शक्यता सरासरीपेक्षा बरीच चांगली असते. ती किती चांगली आहे हे मोजताही येतं. पहिल्या प्रयत्नात पूर्वपरीक्षेच्या कटऑफपासून किती गुणांनी मागे राहिलात आणि दुसऱ्या वेळी ते अंतर किती कमी झालं, ते पाहा. अंतर कमी होत असेल तर पुढच्या वर्षावर केलेल्या खर्चाला अर्थ आहे. दोन प्रयत्नांनंतरही ते तेवढंच असेल, तर तिसरं वर्ष घालवण्याआधी घरच्यांशी मोकळेपणाने बोललं पाहिजे. किती प्रयत्न करायचे हे पहिली बॅग भरण्याआधी ठरवावं. अपयश आल्यानंतर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा 'एकदा अजून' हाच असतो.

देशाच्या पातळीवरही हे चित्र दिसतं. २०२२-२३ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती, तर पदवीधरांमध्ये १३.४ टक्के. पाहताना वाटतं की शिकल्याने नुकसान झालं. पण बेरोजगार कोणाला म्हणतात? काम शोधतोय आणि मिळत नाही, त्याला. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे, तो मिळेल ते काम पत्करतो आणि बेरोजगारांत मोजला जात नाही. पदवीधर मनाजोगतं काम मिळेपर्यंत थांबतो, कारण घर त्याला थोडे दिवस पोसू शकतं. या १३.४ टक्क्यांत पदवीच्या निरुपयोगीपणाबरोबर थांबण्याची ऐपतही मोजली गेली आहे. सोलापुरात ही ऐपत पुष्कळदा आईच्या विड्यांच्या मजुरीतून किंवा बापाच्या यंत्रमागावरच्या पाळीतून आलेली असते. म्हणून थांबण्याच्या प्रत्येक वर्षाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडणं हे मुलाचं कर्तव्य आहे असं मला वाटतं.

पदवीचा भाव आणि इतिहासाचा भाव

आपण 'इतिहासाची पदवी' असं एका दमात म्हणतो, पण बाजार या दोन्हींचे दर वेगवेगळे लावतो.

पदवीचा दर म्हणजे पात्रता. तलाठी व्हायला कोणत्याही शाखेची पदवी चालते, वेतनश्रेणी २५,५०० पासून. बँकेत लिपिकाचं सुरुवातीचं मूळ वेतन २४,०५० आणि प्रोबेशनरी ऑफिसरचं ४८,४८०, दोन्हींना कुठलीही पदवी चालते. मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालयच आपल्या गावात आहे. पदवीवर स्टेशन मास्तर होता येतं, मूळ वेतन ३५,४००. मालगाडीच्या ट्रेन मॅनेजरचं, म्हणजे पूर्वीच्या गार्डचं, २९,२००. या सगळ्या दारांवर इतिहास, भूगोल, वाणिज्य सारखेच. बीएससी झालेल्यालाही याहून रुंद दार उघडत नाही. उलट बँक आणि रेल्वेच्या परीक्षांत गणित आणि इंग्रजीचा कस लागतो. इतिहासाची मुलं दहावीनंतर गणिताकडे पाठ फिरवतात आणि तिथेच मागे पडतात. रोज अर्धा तास अंकगणित केलं तर या नोकऱ्यांच्या दृष्टीने इतिहासाच्या पदवीची किंमत ताबडतोब वाढते. इतिहास घेतलेल्या मुलामुलींना मला एकच सल्ला द्यायचा झाला, तर मी हाच देईन.

इतिहासाचा स्वतःचा दर दोन प्रकारे मिळतो. पहिला परीक्षेत. केंद्राच्या मुख्य परीक्षेत निवडीसाठी धरल्या जाणाऱ्या लेखी १,७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे असतात आणि इतिहास तिथे घेता येतो. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात आधुनिक भारताचा आणि जगाचा इतिहास येतो, तो वेगळाच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून याच वर्णनात्मक धर्तीवर आली आहे. पूर्वीच्या बहुपर्यायी पद्धतीत पाठांतरावर निभावत होतं. आता ठरावीक शब्दांत कारणं, परिणाम आणि मत मांडावं लागतं. तीन वर्षं इतिहास खरोखर शिकलेल्याला हा बदल फायद्याचा आहे.

'खरोखर' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांची ही नावं शहरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. सरकारी कागद त्या दिवसांबद्दल काय सांगतात, त्या वेळचे पेपर काय सांगतात, जुन्या माणसांच्या तोंडून काय ऐकू येतं? तिन्ही जुळत नसतील तर विश्वास कशावर ठेवायचा, आणि का? हे ज्याला जमलं त्याला वकिलाच्या टेबलावरची फाईल, विम्याच्या दाव्याची चौकशी, तहसीलमधल्या हद्दीच्या वादाचे कागद किंवा बातमीची खातरजमा जड जात नाही. या सवयीला बाजारात पैसे मिळतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड वाचून मिळवलेल्या पदवीत ही सवय नसते. गुणपत्रिका दोघांचीही सारखीच दिसते, फरक मुलाखतीत आणि कामाच्या पहिल्या सहा महिन्यांत कळतो.

इतिहासाला काय जोडायचं

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'उपयोजित इतिहास' नावाचा धडा आहे. वस्तुसंग्रहालय, पर्यटन, प्रसारमाध्यमं, वारशाचं जतन असे इतिहासाचे व्यवहारातले उपयोग पुस्तकात येतात. पेपरापुरता वाचून आपण तो विसरतो. यातली प्रत्येक वाट सोलापुरात सारख्याच रुंदीची नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं.

सगळ्यात हाताशी असलेली आणि सगळ्यात कमी लोकांनी धरलेली वाट मोडी लिपीची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंतची खरेदीखतं, वाटणीपत्रं, इनामाचे कागद आणि गावदप्तरं मोठ्या प्रमाणावर मोडीत आहेत. जमिनीचा दावा कोर्टात उभा राहिला की ते कागद कोणीतरी वाचून देवनागरीत उतरवून द्यावे लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. पण घाईत लिहिलेला, वाळवी लागलेला कागद सरसर वाचायला वर्ष-दोन वर्षं रोज सराव लागतो. महिन्याचा बांधलेला पगार यात नाही. काम पानांवर मिळतं, कधी ढीगभर तर कधी काहीच नाही. वकिली किंवा शिक्षकी पेशाबरोबर जोडलं, तर ते उत्पन्नाचा चांगला दुसरा झरा होतं.

भाषांच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत, आणि आपल्याला त्याची किंमत कळलेली नाही. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकू येते असं शहर महाराष्ट्रात दुसरं दाखवणं अवघड. जिल्ह्यातले चालुक्यकाळातले कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आदिलशाही काळातले बरेच कागद फारसीत आहेत आणि उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला ती लिपी परकी नाही. घरात कन्नड बोलणारी मुलगी इतिहास घेऊन जुनं कन्नड शिकली, तर पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला जे जमणार नाही ते तिला जमतं. संशोधनासाठी ही भांडवलाची गोष्ट आहे. सोलापूरच्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विषय शिकण्याची सोय आहे, आणि पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे.

संशोधनाच्या वाटेवर पैसे असे येतात: नेट म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही आपापल्या प्रवर्गांसाठी पीएचडीच्या अधिछात्रवृत्ती आहेत. शेवटी सहायक प्राध्यापक झालात तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू. मात्र नियमित जागा फार थोड्या निघतात. नेट-सेट, पीएचडी झालेले अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. घेतलेल्या तासांचेच पैसे आणि सुट्टीत काही नाही, अशी ती व्यवस्था आहे. या वाटेला जाणाऱ्याने किमान शिष्यवृत्ती हातात असल्याशिवाय पीएचडीत उडी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याची जोड मला सगळ्यात भक्कम वाटते. कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी, त्यासाठी राज्याची सीईटी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आणि विधी महाविद्यालय शहरातच. जुने कागद वाचण्याची, घटनांचा क्रम लावण्याची आणि दोन्ही बाजू मांडण्याची सवय वकिलीत रोज लागते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमाई जेमतेमच असते, हे धरून चालावं. जमिनीच्या दाव्यांत मोडी येणारा वकील मात्र गर्दीत हरवत नाही.

पर्यटनाबद्दल मोठमोठी स्वप्नं दाखवली जातात, मी दाखवणार नाही. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर इथे लाखो माणसं येतात, पण बहुतेक जण दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात. भुईकोट किल्ला किंवा डॉ. कोटणीस स्मारक समजावून घ्यायला पैसे मोजणारे अजून थोडे आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून सोलापूर, नळदुर्ग आणि विजयपूर अशी सहल जोडणाऱ्याला शनिवार-रविवारची कमाई होऊ शकते. घर चालेल एवढी आज तरी नाही.

परदेशातले आकडे वाचताना

'इतिहासाची पदवी परवडते का' या विषयावर मोबाइलवर जे वाचायला मिळतं ते बरंचसं अमेरिका-ब्रिटनचं असतं. तिथला प्रश्न वेगळा आहे. तिथे फीच मोठी असते, विद्यार्थी कर्ज काढून शिकतो आणि पुढे कमाईतून ते फेडत राहतो. आपल्याकडे अनुदानित कॉलेजात बीएसाठी कर्ज काढायची वेळ येत नाही, पण घर वर्षानुवर्षं पोसतं. ते कर्ज कागदावर येत नाही, एवढंच. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२० मध्ये मांडलेला एक निष्कर्ष मात्र उपयोगी आहे. तिथल्या दर पाचांपैकी साधारण एका विद्यार्थ्याला, निव्वळ पैशांचा विचार केला तर, विद्यापीठात न जाणं जास्त फायद्याचं ठरलं असतं. उरलेल्या चौघांना फायदा झाला. कुठल्याही पदवीची नुसती सरासरी पाहून निर्णय घेणाऱ्याला हा पाचवा विद्यार्थी दिसतच नाही.

प्रवेश घेताना, आणि पदवी होऊन गेली असेल तर

राज्यातल्या महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून इतिहास मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून घेतला की सोबत मायनर म्हणजे जोडविषय निवडावा लागतो, आणि कौशल्याचे अभ्यासक्रमही असतात. बरीच मुलं मायनर निवडताना मित्राने काय घेतलं ते पाहतात. वर जे जोडण्याबद्दल लिहिलं, त्याची सुरुवात इथेच फुकटात होते. शिक्षक व्हायचं असेल तर भूगोल किंवा भाषा मायनर घ्या, म्हणजे शाळेत दुसरा विषयही शिकवता येईल. प्रशासनात जायचं तर राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्या. चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी घेतली की एमए एका वर्षात होतं, पण संशोधनाकडे जायचं नसेल तर तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून ते वर्ष बीएड किंवा एलएलबीला द्यावं.

घरची परिस्थिती बारावीनंतर लगेच कमवायला लावणारी असेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करत बीए करता येतं. ती पदवी स्पर्धा परीक्षांना चालते, आणि आपल्या हिशेबातले ३,६०,००० रुपये बुडतच नाहीत. विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या मुलींसाठी ही वाट मला फार मोलाची वाटते, कारण 'कॉलेज की कमाई' या वादात घरात पहिला बळी त्यांच्या शिक्षणाचा जातो.

पदवी होऊन चार-पाच वर्षं परीक्षांच्या मागे गेलेल्यांनी आधी वय मोजावं. केंद्राच्या नागरी सेवेला खुल्या प्रवर्गात ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात, इतर मागासवर्गीयांना ३५ पर्यंत नऊ, अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागास प्रवर्गांत ४३. या दाराची मुदत जवळ आली असेल तर बाकीच्या दारांकडे पाहायची वेळ झाली आहे. स्पर्धा परीक्षेसाठी केलेला राज्यघटनेचा अभ्यास एलएलबीच्या पहिल्या वर्षात कामी येतो आणि इतिहासाचा अभ्यास टीईटीच्या सामाजिक शास्त्रांत. तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाही, बीएडलाही नाही. दोन्हींच्या सीईटीचे अर्ज राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर दर वर्षी निघतात.